मागे बसणारी माणसे

ड्रम वाजवणाऱ्या माणसाला मराठीत काय म्हणावे, हे अजून ठरलेले नाही. ‘ड्रमवादक’ म्हणावे तर समोर शाल, श्रीफळ आणि सत्काराची खुर्ची दिसू लागते. ‘ड्रमवाला’ म्हणावे तर तो थेट दूधवाला, पेपरवाला यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो. आणि ‘ड्रमर’ हा शब्द छापील मराठीत आजही पाहुण्यासारखा अंग चोरून बसतो. ही चणचण केवळ कोशकारांचा प्रश्न नव्हे. ‘तबलजी’ हा शब्द मागे पडून ‘तबलावादक’ रूढ व्हायला आपल्याकडे बराच काळ जावा लागला. त्या काळात साथीच्या माणसाला बैठकीत कोठे बसवायचे, त्याचे नाव पत्रिकेत छापायचे की नाही, बिदागीत त्याचा वाटा किती, अशा अनेक गोष्टींचा निकाल हळूहळू लागत गेला. रॉक संगीतातल्या ड्रमवाल्याच्या बाबतीत तो निकाल पुरता लागलेला नाही. गाणारा पुढे, गिटारवाले त्याच्या दोन्ही अंगांना, आणि हा सर्वांच्या मागे, झांजांच्या आड. छायाचित्रात पुष्कळदा त्याचे फक्त केस दिसतात.

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आणि दोघेही मालाडकर. एकाचे घर पश्चिमेला ऑर्लेमच्या अंगाला, दुसऱ्याचे पूर्वेला कुरारच्या बाजूला. गेली सोळा-सतरा वर्षे आम्ही एकाच गाडीने कॉलेजला जातो. त्या प्रवासात ज्या वादांचा निकाल लागलेला नाही, त्यांत ‘सर्वांत मोठा रॉक ड्रमवादक कोण’ हा वाद अग्रभागी आहे. (मर्ढेकर थोर की करंदीकर, हा त्याच्या पाठोपाठ.) वाद घालता घालता असे ध्यानात आले की आम्ही जी परिभाषा वापरतो आहोत ती वर्गातलीच आहे: मात्रा, आवर्तन, यती, लय. परकीय संगीताला देशी परिभाषा लावण्यातली गंमत आरंभी होती. पुढे तिच्यातून काही हाती लागू लागले, म्हणून हे लिहीत आहोत.

प्रथम त्या वाद्याविषयी. भरताच्या नाट्यशास्त्राने वाद्यांचे चार वर्ग केले: तत, सुषिर, अवनद्ध आणि घन. आपल्याकडे पखवाजवाला वेगळा आणि झांजवाला वेगळा. ड्रमच्या संचात मात्र अवनद्ध आणि घन ही दोन्ही कुळे एकाच माणसाच्या ताब्यात येतात. याचे कारण सौंदर्यशास्त्रीय नसून रोकड आहे. अमेरिकेतल्या मिरवणुकीच्या बँडमध्ये मोठा ढोल, छोटा ढोल आणि झांजा यांसाठी तीन माणसे लागत; बँड रस्त्यावरून नाचघरात आला तेव्हा जागाही कमी आणि पैसाही कमी. मोठ्या ढोलाला पायाने बडवता येईल अशी व्यवस्था झाली की एक माणूस वाचतो. विल्यम लुडविग या वादकाने १९०९ साली पायाच्या पट्टीचे एक चांगले चालणारे रूप बनवले आणि त्यावर मोठा कारखाना उभा राहिला. म्हणजे या वाद्याचा जन्म मजूरकपातीतून झाला आहे. हे लक्षात ठेवावे, कारण पुढे याच वाद्याच्या वाट्याला तीच कपात आली.

रॉकच्या ठेक्याचा गाभा कोणत्याही मराठी श्रोत्याला केरव्याच्या आधारे सहज समजावून देता येतो. केरव्याच्या आठ मात्रा. पहिलीवर सम, पाचवीवर खाली. माधव ज्यूलियनांच्या ‘छंदोरचने’ची भाषा बोलायची तर हे पद्मावर्तन झाले. रॉकचे आवर्तनही बहुधा याच आठ मात्रांचे असते. पायाचा मोठा ढोल पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतो; येथवर आपण आपल्या गावात असतो. पण हाताचा जोरकस घाव, स्नेअरचा, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर पडतो. आपला कान समेकडे धावत असतो आणि हे संगीत त्याला समेच्या पुढच्या पायरीवर गाठून थप्पड मारते. आपल्याकडच्या कार्यक्रमांत प्रेक्षक टाळ्या वाजवू लागले की त्या पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पडतात, आणि मंचावरचा ड्रमवाला कसनुसा होऊन हसतो, याचे कारण हेच. भजनी ठेक्याने घडलेले ते हात आहेत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही.

आता आठ मात्रांत चार घाव, हे तर कोणालाही चार दिवसांत शिकता येईल. मग मोठेपण कशात? एक उत्तर सर्वत्र ऐकू येते: जो अधिक वाजवतो, अधिक वेगाने वाजवतो, ज्याचा संच अधिक मोठा, तो मोठा. गाणे थांबवून वीस वीस मिनिटे एकट्यानेच वाजवायची प्रथा १९७०च्या दशकात बोकाळली ती याच समजुतीतून. अनुप्रास आणि यमके मोजून कवीची थोरवी ठरवण्यासारखे हे आहे. पंडितकवींच्या काळातही अशी मोजदाद होत असे; त्यातल्या काहींचे आज फक्त नाव परीक्षेत विचारले जाते.

खरा प्रश्न आम्हांला एका विद्यार्थ्याने विचारला. एम.ए.च्या वर्गात मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ चालू होते. संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तीन तत्त्वे फळ्यावर लिहून झाली होती. मागच्या बाकावरचा हा मुलगा गणपतीच्या दिवसांत बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवीत असे. बँजो पार्टी म्हणजे काय, हे मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. कळीचा बुलबुलतरंग, त्याला विजेचा आवाज, सोबत ढोलकी, ताशे, कच्छी ढोल, आणि अलीकडच्या तीन दशकांत रबरी चौकटींवर काडी मारून वाजवायचा ऑक्टोपॅड, असा सारा ताफा हातगाडीवर किंवा टेम्पोत घालून मिरवणुकीपुढे चालतो. तर तो म्हणाला, “सर, आमच्या पॅडमध्ये लय आधीच भरलेली असते. बटण दाबलं की तासभर चुकत नाही. मग जी चुकत नाही ती लय, की माणसाची चुकते ती?”

प्रश्नात खोच होती, पण त्याहून अधिक त्यात त्याची फी होती. मंडळे एकेक करून बँजो सोडून डीजेकडे वळत होती आणि त्याच्या हंगामाच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या होत्या. यंत्र आणि माणूस यांच्यात ऐकणाऱ्याला फरक कळत नसेल, तर त्या मुलाला घरी बसवणारे मंडळ शहाणेच म्हटले पाहिजे. फरक असेल, तर तो कोठे आहे हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. आमच्या आवडत्या ड्रमवादकांची यादी तेव्हापासून याच एका प्रश्नाने गाळून घेतलेली आहे.

मर्ढेकरांची लय म्हणजे समान अंतराने होणारी पुनरावृत्ती नव्हे. घटकांघटकांतले नाते म्हणजे लय. पुनरावृत्ती हा छंदाचा प्रांत आहे. भुजंगप्रयातात लघु-गुरू-गुरू चार वेळा यायचे, हे ठरलेले. तो गण न चुकता पाडणारी मुले दरवर्षी वर्गात असतात. त्यांपैकी एखादीच मुलगी अशी निघते की जी ते वृत्त म्हणताना एका गुरूवर किंचित रेंगाळते, पुढचा लघू किंचित आधी उचलते, आणि कविता उभी राहते. कागदावर गण तेच असतात. जो फरक पडतो तो मात्रेच्या आतला, अर्ध्याच्याही अर्ध्याचा. ड्रमच्या यंत्राजवळ छंद आहे, आणि तो निर्दोष आहे. आम्ही ज्यांना मोठे मानतो त्या ड्रमवाल्यांनी तो छंद सांभाळून त्याच्या आत जागा काढली.

चार्ली वॉट्स पहा. १९६३च्या जानेवारीत तो रोलिंग स्टोन्समध्ये आला आणि २०२१च्या ऑगस्टमध्ये त्याचे निधन होईपर्यंत तेथेच राहिला. मनाने तो जाझवाला. अंगावर शिवून घेतलेला सूट, संच लहान, चेहऱ्यावर बँकेतल्या कारकुनाचा निर्विकारपणा. त्याची एक खोड प्रसिद्ध आहे. उजव्या हाताने हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, सारखी वाजत असते. डाव्या हाताने स्नेअरवर घाव घालायची वेळ आली की वॉट्स उजवा हात झांजेवरून उचलून घेई. इतर जण तेथे दोन्ही एकदम वाजवतात. त्याच्या घावापाशी दुसरा कोणताच आवाज नसे. तेवढ्या एका न वाजवण्याने तो घाव उघडा पडतो, भोवती मोकळी जागा असलेल्या शब्दासारखा. शिवाय त्या बँडात गिटारवाला कीथ रिचर्ड्स आधी जायचा आणि ड्रम त्याच्या मागून. इतर बँडांत रीत याच्या उलट. त्यामुळे त्यांचे संगीत नेहमी आता कोसळेल की काय असे वाटते आणि कोसळत नाही. आमच्यापैकी जो पश्चिमेला राहतो त्याचा हा दैवतासारखा माणूस.

रिंगो स्टारची गोष्ट निराळी. त्याच्यावर एक कोटी जगभर फिरते: तो जगातला सोडाच, बीटल्समधलाही सर्वोत्तम ड्रमवाला नव्हता, अशी. ती जॉन लेननच्या नावावर खपवली जाते. आमच्या व्यवसायाला प्रक्षिप्त ओव्या नव्या नाहीत. तुकोबांच्या गाथेत कितीजणांनी आपले अभंग घुसवले आहेत. पाठचिकित्सेचा नियम येथेही लागू करावा. लेननचा खून १९८०च्या डिसेंबरात झाला, आणि या कोटीचा सापडलेला सर्वांत जुना दाखला ब्रिटिश रेडिओवरच्या एका विनोदी कार्यक्रमातला, १९८१ सालचा आहे. कोटी प्रक्षिप्त आहे. पण ती खपली का, याचे उत्तर रिंगोच्या वाजवण्यातच आहे. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांत त्याने एकट्याने वाजवल्याची जागा एकच, १९६९ची, आणि तीही थोडक्या सेकंदांची. तो जन्माने डावखुरा. संच मात्र उजव्या हाताच्या माणसासाठी मांडलेला. त्यामुळे एका ढोलावरून दुसऱ्यावर जाताना त्याचा हात इतरांच्या उलट दिशेने निघतो, पोहोचायला क्षणभर उशीर होतो, आणि भरणा वेगळ्याच ठिकाणी पडतो. १९६६च्या ‘रेन’ या गाण्यातले आपले वाजवणे त्याला स्वतःला सर्वांत आवडते. ते ऐकावे. एक अडचण ही शैली कशी होते, यावर आम्ही दोघांनी मिळून एक निबंध लिहायचे केव्हापासून योजले आहे.

जॉन बॉनमविषयी लिहिताना आमच्यातला पूर्वेचा मालाडकर भावनाविवश होतो, म्हणून हा परिच्छेद पश्चिमेने लिहिला आहे. लेड झेपलिनची १९७१ची तबकडी इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या वास्तूत ध्वनिमुद्रित झाली; एकेकाळी तेथे गरिबांना ठेवीत असत. एका गाण्यासाठी बॉनमचा संच तळमजल्याच्या दिवाणखान्यात, जिन्याच्या पायथ्याशी मांडला आणि दोन मायक्रोफोन वरच्या मजल्यावरून खाली सोडले. ढोलाचा आवाज जिन्याने वर चढतो, भिंतींना लागतो आणि मग पोहोचतो. त्या आवाजाचे कौतुक सर्वांनी केले आहे. आम्ही मात्र म्हणू की जिना कोणालाही मिळाला असता. बॉनमचा घाव मात्रेच्या किंचित मागे पडतो. उशिरा नव्हे, मागे. ज्याला घाई नाही आणि आपल्यावाचून काही सुरू होणार नाही हे ज्याला ठाऊक आहे, अशा माणसासारखा. १९८०च्या सप्टेंबरात तो बत्तिसाव्या वर्षी गेला आणि त्याच डिसेंबरात बँडने आपण यापुढे वाजवणार नाही असे जाहीर केले. गायक होता, गिटारवाला होता, गाणी होती. मागे बसणारा नव्हता.

आणि आता विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे. १९८६ साली बीस्टी बॉईज या अमेरिकन त्रयीने बॉनमचा तोच जिन्यातला ठेका कापून आपल्या गाण्याखाली फिरवत ठेवला. त्यानंतर तो असंख्य वेळा कापला गेला. यंत्रात हवा तो ठेका फुकट भरता येत असताना यंत्रवाल्यांनी एका मेलेल्या माणसाचा ठेका उसना का घ्यावा? त्यांच्या कानाला त्यात काहीतरी ऐकू आले जे यंत्राला जमत नव्हते. हा पुरावा खुद्द प्रतिपक्षाने दिलेला आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या मुलाला दोन्ही ऐकवले. तो बाकावर बोटांनी धरू लागला आणि तिसऱ्या आवर्तनात म्हणाला, “हा मागे बसतोय.” बँजो पार्टीच्या भाषेत त्याला त्या गोष्टीचे नाव आधीच ठाऊक होते. त्याच्या सुपाऱ्या मात्र त्यामुळे परत आल्या नाहीत, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

बॉनमच्या नेमका उलट स्ट्यूअर्ट कोपलंड. तो मात्रेच्या पुढे धावतो. बालपण कैरो आणि बैरूतमध्ये गेलेला हा अमेरिकन ‘द पोलिस’ या बँडात होता, आणि त्याने रेगेची रीत रॉकमध्ये आणली. कार्लटन बॅरेट या बॉब मार्लीच्या वादकाने नावारूपाला आणलेली ती रीत अशी: पहिल्या मात्रेवर काहीच वाजवायचे नाही, आवर्तनाचा सारा भार पाचव्या मात्रेवर टाकायचा. केरव्याच्या हिशेबाने पाहिले तर सम रिकामी ठेवून खालीच्या जागी घाव! आपल्या तालशास्त्राला उफराट्या वाटणाऱ्या या कल्पनेत मर्ढेकरांचे विरोधाचे तत्त्व जितके स्वच्छ दिसते तितके ते आम्हांला कोणत्याही टीकाग्रंथात दिसलेले नाही. पोलिसचा कार्यक्रम १९८०च्या मार्चमध्ये मुंबईत झाला होता, टाइम अँड टॅलेंट्स क्लब या महिलांच्या संस्थेने भरवलेला. आमचे ते ऐकण्याचे वय नव्हते.

आमची वेळ आली ती पुढे, नव्वदीच्या दशकात, रंगभवनात. धोबी तलावाजवळचे हे खुले नाट्यगृह. १९८६पासून तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला, त्याआधी १९७८पासून जाझ यात्रा होतीच. शेजारी रुग्णालय आणि महाविद्यालय. शांतता क्षेत्राचे नियम कडक झाल्यावर, २०००नंतर, ते बंद पडले. तेथे रॉक मशीन, म्हणजे पुढचे इंडस क्रीड, हा मुंबईचा मोठा बँड. महेश तिनईकरांची गिटार, उदय बेनेगलांचे गाणे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. सुरुवातीच्या काळात मागे बसणाऱ्या मार्क मेनेझिस यांच्याविषयी लिहिलेले एक पानही आमच्या कात्रणांत नाही.

मुंबईच्या उपनगरात ड्रम शिकणे म्हणजे काय, हे मालाडला राहिल्याशिवाय कळायचे नाही. संचाला पाच-सहा फूट लांबरुंद जागा लागते; मालाडच्या वन-रूम-किचनमध्ये एवढ्या जागेत दोन माणसे झोपतात. आवाजाचा प्रश्न तर वेगळाच. म्हणून येथली मुले उशीवर शिकतात. आमच्या लहानपणी ऑर्लेमच्या गल्ल्यांतून दुपारी असा धप-धप आवाज येई. लोकांना वाटे गाद्या झटकताहेत. उशीचा एक गुण आहे. कातड्यावर काडी आपटली की ती स्वतःहून उसळून वर येते. उशीवर येत नाही, प्रत्येक वेळी मनगटाने उचलावी लागते. त्यामुळे उशीवर घडलेल्या मनगटाचा घाव वेगळा असतो, स्वच्छ आणि मोजका. मग तासाच्या भाड्याने सरावाची खोली, ख्रिस्ती लग्नांतल्या बँडात बदली म्हणून पहिली संधी, आणि काड्या, पायाची पट्टी व झांजांची पिशवी घेऊन माल डब्यातून प्रवास. त्याच गाडीत दुसऱ्या डब्यात भजनी मंडळ असते. त्यातला एक जण डब्याच्या पत्र्यावर तळहाताने असा ठेका धरतो की गाडीच्या रुळांच्या खडखडाटाशी त्याचे मध्येच जुळते आणि मध्येच सुटते. विरोधलय समजावून सांगायला आम्ही विद्यार्थ्यांना सकाळची ७:५२ची गाडी सुचवतो.

या मनगटांना काम कोठे मिळे? चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात. आमच्या मालाडलाच १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभी राहिली होती. आज त्या आवारात कारखान्यांचे गाळे आहेत. पुढच्या काळात जाझच्या बँडांतून आलेल्या गोवेकर आणि पारशी वादकांनी हिंदी चित्रपटगीताचा सांगाडा बनवला. कावस लॉर्ड यांनी बोंगो-कोंगासारखी लॅटिन अमेरिकन वाद्ये त्यात आणली. त्यांचे चिरंजीव केरसी लॉर्ड हे तर एकट्यानेच एक वाद्यवृंद होते. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, पुढे फ्रँको वाझ. तबल्यावर आणि संयोजनात मारुतीराव कीर. आणि खाचा पाडलेल्या लाकडावर काडी घासून वाजवायच्या रेसो-रेसोवर अमृतराव काटकर. ‘तीसरी मंझिल’ या १९६६च्या चित्रपटाचा नायक हॉटेलात ड्रम वाजवणारा आहे. पडद्यावर काड्या शम्मी कपूरच्या हाती; खऱ्या काड्या ज्यांच्या हाती, त्यांची नावे श्रेयनामावलीत देण्याची त्या काळी रीत नव्हती. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ साली इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला, २०१२ साली लॉर्ड घराण्यावर एक माहितीपट निघाला. मराठीत अशोक दा. रानडे यांनी ‘जनसंगीत’ अशी स्वतंत्र कोटी मानून या प्रांताला शास्त्राचे दार उघडून दिले होते. त्या दारातून साहित्याच्या विभागांतले फारसे कोणी आत गेले नाही. आमच्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीने बँजो पार्ट्यांवर संशोधनाचा प्रस्ताव दिला तेव्हा ‘हा मराठीचा विषय कसा?’ असा शेरा मारून तो परत आला. लावणीतली ढोलकी मराठीचा विषय असते. टेम्पोत चढली की नसते.

दोन नावे अजून राहिली आहेत, आणि ती आम्हांला सर्वांत जवळची आहेत. त्रिलोक गुर्टू यांचा जन्म १९५१चा, मुंबईचा. आई शोभा गुर्टू, ठुमरीच्या थोर गायिका, माहेरच्या शिरोडकर, बेळगावच्या. आजी मेनकाबाई शिरोडकर, नृत्यांगना आणि अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या. ठुमरीत बोलबनाव संपत आला की तबलजी लग्गी धरतो. इतका वेळ मागे राहिलेला तो एकदम पुढे येतो, लय दुप्पट होते, गाणारी मुखडा घोळवीत थांबते, आणि मग तो पुन्हा मागे जातो. किती पुढे यायचे आणि केव्हा मागे जायचे, याचे एवढे सूक्ष्म शिक्षण दुसऱ्या कोणत्या घरात मिळाले असते? तरुणपणी पाश्चात्त्य तबकड्या ऐकताना, एकावर एक थर देऊन ध्वनिमुद्रण करतात हे गुर्टूंना ठाऊक नव्हते. ऐकू येणारे सारे एकच माणूस वाजवतो असे समजून ते सारे एकट्याने वाजवायला शिकले, असे त्यांनी सांगितले आहे. पुढे युरोपात त्यांनी खुर्ची काढून टाकली, संच जमिनीलगत मांडला, आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली. वाजत्या घंटा पाण्यात बुडवल्या की त्यांचा स्वर वाकतो. कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४मधील अपघाती मृत्यूनंतर ‘ओरेगॉन’ या बँडात ते आले, मग जॉन मॅकलॉफ्लिन यांच्यासह वाजवू लागले. १९८८च्या ‘उस्फ्रेट’ या स्वतःच्या पहिल्या तबकडीत त्यांनी आईला गायला बसवले. तेथे ड्रम ऐकताना आम्हांला वाद आठवत नाही. (हे रॉक नव्हे, जाझ आहे, अशी हरकत पूर्वेने नोंदवली आहे. ती येथे नोंदवून पुढे जातो.)

दुसरे रणजित बारोट. आई सितारादेवी. ज्या घरात कथकच्या तत्काराचा रियाझ चालतो त्या घरातल्या मुलाला पाय हेही लयीचे अंग आहे हे कोणी शिकवावे लागत नाही, आणि ड्रम हे तर अर्धे पायांचेच वाद्य. तेही पुढे मॅकलॉफ्लिन यांच्याच ‘फोर्थ डायमेन्शन’मध्ये वाजवू लागले. मुंबईचे दोन सर्वांत नामवंत ड्रमवादक, आणि दोघांच्याही मागे आई: एकीची ठुमरी, एकीचे कथक. ज्या दोन कलांकडे सभ्य समाजाने दीर्घकाळ नाक मुरडले, त्याच त्या. ‘ड्रमवाला’ आणि ‘ड्रमवादक’ यांच्यामधली जी जागा आम्ही आरंभी शोधत होतो, ती या दोन घरांत पूर्वीपासून होती असे वाटते. तबलजी हा शब्दही तेथलाच.

कीथ मूनविषयी लिहिण्याचे आम्ही टाळत आहोत, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. ‘द हू’चा हा ड्रमवाला १९७८ साली बत्तिसाव्या वर्षीच गेला. तो ठेका धरतच नसे. गाणाऱ्याच्या ओळीवर ओळ, गिटारच्या वाक्यावर वाक्य, असा अखंड बोलत राही, ताशाच्या तर्रीसारखा. पश्चिमेच्या मते हे वाजवणे नसून बडबड आहे, आणि त्या बँडाला खरा ठेका बासगिटारवाल्याने दिला. पूर्वेचे म्हणणे असे की मिरवणुकीत तर्री चालू असताना ठेका कोण विचारतो. आणि मूनला लावायची ती फूटपट्टी उद्या मुक्तछंदालाही लावावी लागेल. गाडी अंधेरीला आली की हा वाद थांबतो, कारण तेथे चढणारी गर्दी बोलू देत नाही.